पगारातला दुसऱ्यांचा वाटा

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.)

मध्येच जेसीबीचा आवाज आला तर सांभाळून घ्या. आमच्या पंचवटीत सिंहस्थाची कामं सुरू आहेत आणि मी रेकॉर्डिंगला बसलो की नेमकं आमच्याच गल्लीत खणायला घेतात.

आजचा विषय मला माळ्यावर सापडला, अक्षरशः. दिवाळीच्या साफसफाईत आईने मला वर चढवलं आणि तिथे बाबांच्या नोकरीतली एक पत्र्याची पेटी निघाली. बाबा सरकारी ऑफिसात होते. कुठल्या ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही. पेटीत त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, वर्षावार सुतळीने बांधलेल्या. मी कामावर पेरोलच्या सॉफ्टवेअरमध्ये थोडी वर्षं घालवलीत, त्यामुळे मला सवय लागलीय की कुठलीही पेस्लिप हातात आली की डावी बाजू सोडून थेट उजवी बाजू बघायची. डाव्या बाजूला मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे. ते काय, सगळ्यांचं सारखंच असतं. माणूस कळतो तो कपातींच्या रकान्यात.

२००६ सालच्या एका चिठ्ठीवर कपाती अशा: भविष्य निर्वाह निधी, गट विमा, व्यवसाय कर, सोसायटी. आणि त्याखाली पेनाने घुसवलेली अजून एक ओळ, 'सोसायटी (जामीन)', १,६०० रुपये. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्याही. मी मोजले, बेचाळीस महिने. म्हणजे ६७,२०० रुपये. २००६ मध्ये बाबांच्या हातात सगळं कापून आठ-साडेआठ हजार यायचे, त्या काळात ही रक्कम.

मला तेव्हाचं अंधुक आठवतं. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. घरात फ्रीज घ्यायचं ठरलं होतं आणि ते ठरलेलंच राहिलं. आई एकदा म्हणाली होती, "अहो, सही करताना हात कसा थरथरला नाही तुमचा?" बाबा काही बोलले नाहीत. सही कशावर केली होती, ते मला आता कळलं.

बाबांचे एक सहकारी होते. दोघं निमाणीवरून एकाच बसने जायचे. त्या सहकाऱ्यांनी पगारदारांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि बाबा त्यांना जामीन राहिले. मग २००५ मध्ये ते सहकारी ऑफिसला यायचेच बंद झाले. घरातूनही निघून गेले. पगार नाही म्हणजे हप्ता नाही. हप्ता नाही म्हणजे जामीनदार. गोष्ट इथपर्यंत नेहमीचीच आहे. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या घरात असा एक काका किंवा मामा असेल. पण या गोष्टीत अजून एक बाई आहे. त्या सहकाऱ्यांची बायको, जिला आम्ही काकू म्हणायचो. त्यांना आधीच कोर्टाने नवऱ्याकडून महिना १,२०० रुपये पोटगी मंजूर केली होती. म्हणजे एकाच पगारावर दोघांचा हक्क होता, पतसंस्थेचा आणि काकूंचा. पतसंस्थेला २००५ पर्यंत दर महिन्याला पैसे मिळत होते. काकूंना मिळत नव्हते. तेच ऑफिस, तोच पगार, तोच क्लार्क. असं का?

हा प्रश्न घेऊन मी दोन महिने वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते आजच्या भागात सांगतो.

पगाराच्या दिवसापासून सुरुवात करू. १९२९ मध्ये इंग्रज सरकारने भारतातल्या कामगारांच्या स्थितीवर एक रॉयल कमिशन नेमलं. अध्यक्ष व्हिटली, म्हणून व्हिटली कमिशन. त्यात आपले ना. म. जोशी सदस्य होते, मुंबईतल्या कामगार चळवळीतलं मोठं नाव. १९३१ मध्ये अहवाल आला. त्यात कर्जावरचा भाग वाचताना अंगावर येतो. बहुतेक औद्योगिक शहरांत दोन तृतीयांशापेक्षा कमी कुटुंबं कर्जात नाहीत, आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे, असा त्यांचा अंदाज. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात सावकार काठी घेऊन उभा असायचा. कोर्टात जायची त्याला गरजच पडायची नाही. मजूर बाहेर पडला की पैसे हातात पडायच्या आधीच निम्मे जायचे.

हा झाला काठीवाला मार्ग. सरकारी नोकराच्या बाबतीत सावकाराला काठी लागतच नव्हती, कारण त्याच्यासाठी कायद्यानेच एक दार ठेवलं होतं. १९०८ चा दिवाणी प्रक्रिया कायदा, म्हणजे सीपीसी. त्याचं कलम ६० सांगतं की कोर्टाचा हुकूमनामा वसूल करताना कशावर जप्ती आणता येते आणि कशावर नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, बाईचे धर्माने अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने, यांना हात लावायचा नाही. यादी वाचायला मजा येते, एका अख्ख्या समाजाच्या घरात डोकावल्यासारखं वाटतं. आणि याच यादीत पगार आहे.

१९०८ मध्ये नियम असा होता: सरकारी, रेल्वेच्या किंवा नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेच्या नोकराचा पगार महिना २० रुपयांपर्यंत असेल तर तो पूर्ण सुरक्षित. २० ते ४० मध्ये असेल तर २० रुपये सुरक्षित. त्याच्या वर असेल तर अर्धा पगार सुरक्षित, अर्धा धनकोचा. व्हिटली कमिशनने कमी पगाराच्या कामगारांचं वेतन जप्तीतून काढाच असं सुचवलं, आणि १९३७ च्या दुरुस्तीने पहिले १०० रुपये आणि उरलेल्याचा अर्धा भाग सुरक्षित झाला. १९७६ मध्ये पहिले ४०० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश. २००२ पासून ४०० चे १,००० झाले. तेव्हापासून आजपर्यंत तो आकडा तिथेच आहे. १,००० रुपये. पंचवटीत आज १,००० रुपयांत महिन्याचं दूधही नीट होत नाही, पण कायद्याच्या मते एवढ्यावर माणूस 'मूळ सुरक्षित' आहे.

आता ही गंमत बघा. सोपं गणित घेऊ. पगार ४६,०००. जप्तीच्या हिशोबातून काही जाहीर केलेले भत्ते वगळतात, ते सध्या बाजूला ठेवू. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पहिले १,००० बाजूला, उरले ४५,०००, त्यातले दोन तृतीयांश म्हणजे ३०,००० सुरक्षित. जप्त होऊ शकतात जास्तीत जास्त १५,०००. पण हुकूमनामा जर पोटगीचा असेल तर नियमच वेगळा. तिथे फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित. म्हणजे १५,३३३ माणसाकडे आणि ३०,६६७ पर्यंत बायकोमुलांसाठी जाऊ शकतात. आकडे जवळजवळ उलटे होतात. शिवाय साध्या कर्जासाठी पगार एकूण २४ महिने जप्तीत राहिला की त्याच हुकूमनाम्यासाठी तो कायमचा सुटतो. पोटगीच्या कलमाला ही सवलत जोडलेली नाही.

म्हणजे कागदावर बघाल तर कायद्याने काकूंना पतसंस्थेच्या, बँकेच्या, सावकाराच्या खूप पुढे बसवलंय.

आणि वसुली कशी करायची तेही लिहिलंय. सीपीसीचा आदेश २१, नियम ४८. कोर्ट थेट पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला कळवतं, की अमुक रक्कम एकदम किंवा मासिक हप्त्याने कापून कोर्टात भरा. कर्मचारी किंवा अधिकारी त्या कोर्टाच्या हद्दीत नसला तरी चालतं, म्हणजे माणसाने बदली करून घेतली म्हणून तो सुटत नाही. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग: आदेश मिळाल्यावरही अधिकाऱ्याने तो पगार कर्मचाऱ्याला देऊन टाकला, तर त्या रकमेची जबाबदारी सरकारवर. आमच्या भाषेत सांगायचं तर १९०८ मध्ये कोणीतरी बसून एज केसेसचा विचार केला होता. आज आम्ही स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये एवढा करत नाही.

हे वाचून मला वाटलं होतं की हे इंग्रजांनी स्वतःच्या देशातून उचललं असेल. पण पोटगीसाठी पगारातून कपात करायचा सर्वसाधारण कायदा इंग्लंडमध्ये १९५८ मध्ये आला. अमेरिकेत तर अजून मजा. तिथे केंद्र सरकारच्या नोकराचा पगार जप्त करायचा म्हणजे सरकारवरच कोर्टाचा हुकूम चालवणं, आणि सरकारवर त्याच्या संमतीशिवाय दावा चालत नाही, म्हणून तो दरवाजा बंदच होता. १ जानेवारी १९७५ पासून तो फक्त मुलांच्या आणि बायकोच्या पोटगीसाठी उघडला. साध्या कर्जासाठी उघडायला पुढे जवळजवळ वीस वर्षं गेली. म्हणजे तिथे आधी कुटुंब, नंतर सावकार. आपल्याकडे दार १९०८ मध्येच दोघांना उघडं होतं, पण त्या दारापर्यंत कोण किती लवकर पोहोचतं यात सगळा फरक.

तर आता काकूंकडे येऊ.

काकूंचा आदेश दिवाणी कोर्टाचा नव्हता. तो होता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा. गरीब बाईसाठी हाच जवळचा मार्ग होता आणि अजूनही आहे. आता त्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ म्हणायचं. या कलमाचा इतिहास म्हणजे एका आकड्याचा इतिहास. १८९८ च्या संहितेत ते कलम ४८८ होतं आणि पोटगीची कमाल मर्यादा महिना ५० रुपये. १९२३ मध्ये १००. १९५५ मध्ये ५००. १९७३ मध्ये नवी संहिता आली, कलमाचा नंबर बदलला, ५०० तसेच राहिले. केंद्राच्या कायद्यातून ही मर्यादा निघाली २००१ मध्ये. १९५५ ते २००१, शेहेचाळीस वर्षं. या शेहेचाळीस वर्षांत सरकारी नोकरांसाठी किती वेतन आयोग आले ते तुम्हीच मोजा. पगार प्रत्येक आयोगाला वाढला, त्या पगारातून बायकोला मिळू शकणारा आकडा वाढला नाही.

काकूंची केस मर्यादा उठल्यानंतरची, म्हणून १,२०० तरी मिळाले. पण वसुली? या कलमात लिहिलंय की पोटगी थकली तर दंड वसूल करतात तसं वॉरंट काढायचं, आणि तरीही दिली नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. अर्ज करायचा तो रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत. 'ऑफिसला कळवा आणि दर महिन्याला कापा' असा सरळ रस्ता त्या कलमाच्या शब्दांत नाही. म्हणजे काय होतं, तर बाई दर काही महिन्यांनी थकबाकीचा नवा अर्ज करते, तारीख पडते, समन्स जातं, समन्स 'मिळून आले नाहीत' म्हणून परत येतं. काकू सीबीएसजवळच्या कोर्टात जायच्या त्या दिवशी त्यांचा धाकटा मुलगा शाळेतून आमच्याकडे जेवायला यायचा. ते मला नीट आठवतं, कारण त्या दिवशी आई जास्तीची भाकरी टाकायची आणि मला बजावायची, "त्याला काही विचारू नकोस."

आणि पतसंस्था? तिला कोर्टाची पायरीच चढावी लागली नाही.

हा सगळ्या इतिहासातला मला सर्वात रोचक वाटलेला तुकडा. सावकाराच्या काठीवर उपाय म्हणून सहकार आला. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा, मग मुंबई प्रांताचे कायदे, आणि शेवटी १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम. पगारदार नोकरांच्या पतसंस्था ही त्यातली एक साधी पण जबरदस्त कल्पना: एकाच खात्यात काम करणारे लोक, थोडी थोडी बचत, त्यातूनच एकमेकांना कर्ज. नाशिकसारख्या गावात हे किती पसरलं असेल याचा विचार करा. नाशिकरोडची प्रेस, रेल्वे, जिल्हा परिषद, महापालिका, शाळा, एसटी. शिक्षकाच्या घरात मुलीचं लग्न आणि क्लार्कच्या घरात बोअरवेल हे सगळं सोसायटीच्या कर्जावर उभं राहिलंय. मी या संस्थांना नावं ठेवत नाहीये. माझी इंजिनिअरिंगची पहिल्या वर्षाची फी तिथूनच आली.

पण संस्थेचा जोर कशात आहे? १९६० च्या कायद्याच्या कलम ४९ मध्ये. सभासद कर्ज घेताना करार लिहून देतो, की माझ्या पगारातून कापून संस्थेला द्यायला माझ्या मालकाला माझी परवानगी आहे. संस्थेने लेखी मागणी केली की मालकाने कापायचं आणि भरायचं. मालकाने हयगय केली तर ती रक्कम मालकाकडूनच. ना वकील, ना तारीख, ना बेलिफ. एक सही. पगार बिल तयार करणाऱ्या भाऊसाहेबांकडे दर महिन्याला संस्थेची यादी येते आणि ते ती उतरवून घेतात. आता सगळं ऑनलाइन झालंय, राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी 'सेवार्थ', शिक्षकांसाठी 'शालार्थ'. त्यातही शासकीय वसुलीचा रकाना वेगळा आणि अशासकीय वसुलीचा वेगळा. शाईची जागा कीबोर्डने घेतली, यादी तीच.

आणि जामीनदाराचं काय? १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ एका वाक्यात सांगतं: जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच. त्याच्यानंतरची नाही, त्याच्याएवढीच. आपल्याकडे लोक जामीन राहतात ते चहाच्या टपरीवर, 'अरे नुसती सही तर आहे' म्हणत. बाबाही तसेच राहिले. त्या सहीच्या आधारावर २००६ मध्ये बाबांच्या चिठ्ठीवर ती पेनाची ओळ आली.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर असं निघालं. कर्जाला पगारापर्यंत पोहोचायला संमतीचं पत्र पुरतं आणि ते पत्र कर्ज देतानाच घेतलेलं असतं. लग्न लावताना असं पत्र कोणी घेत नाही. कायद्याने पोटगीला पुढची जागा दिली, पण रांगेत उभं राहायला मागच्या दाराने पाठवलं. मला हा सिस्टिम डिझाइनचा दोष वाटतो. कोणी वाईट हेतूने केलेला नाही. दोन वेगळ्या टीमनी दोन वेगळ्या शतकांत लिहिलेले मॉड्यूल एकमेकांशी बोलत नाहीत, एवढंच.

यात अजून एक पेच असतो, तो ऐकून ठेवा. पोटगीच्या केसमध्ये नवरा कोर्टात पेस्लिप दाखवतो: 'साहेब, पगार तीस हजार दिसतो, पण कटून हातात नऊ येतात.' कपाती बघा तर सोसायटीचे दोन हप्ते, घराचं कर्ज, वाढवून घेतलेला भविष्य निर्वाह निधी. यावर कोर्टांची भूमिका साधारण अशी राहिलीय, की आयकरासारख्या सक्तीच्या कपाती धरू, स्वतःहून ओढवून घेतलेल्या कपाती बायकोच्या तोंडावर फेकायच्या नाहीत. सुप्रीम कोर्टाने १९७० च्या एका निकालापासून पंचवीस टक्के हा आकडा चर्चेत ठेवला, २०१७ च्या कल्याण डे चौधरी प्रकरणात निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के हे वाजवी म्हटलं. तो पक्का नियम नाही, प्रत्येक घर वेगळं.

बदल झाले, हेही सांगायला हवं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. त्याच्या कलम २० मध्ये ते वाक्य आहे जे काकूंना हवं होतं: ठरलेली रक्कम दिली नाही तर मॅजिस्ट्रेट थेट मालकाला सांगू शकतो, की याच्या पगाराचा भाग त्या बाईला द्या किंवा कोर्टात भरा. आणि मग २०२० च्या नोव्हेंबरमधला रजनीश विरुद्ध नेहा हा निकाल. हे प्रकरण आपल्याच नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची आणि पोटगीचा आदेश दिवाणी कोर्टाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता येईल. म्हणजे पुन्हा कलम ६०, पुन्हा आदेश २१. ११२ वर्षांनी दोन मॉड्यूल जोडली गेली.

नाशिककरांसाठी एक बाजूची गोष्ट. देवळालीकडे तोफखान्याच्या सरावाचे आवाज येतात, तिथल्या जवानांना कलम ६० ची जप्ती लागतच नाही. लष्करी कायद्याखालच्या माणसाच्या पगारावर दिवाणी कोर्ट जप्ती आणू शकत नाही. ऐकायला वाटतं, की मग बायकोने करायचं काय? तर १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टमध्येच सोय आहे: बायको आणि मुलांच्या (औरस असोत वा अनौरस) निर्वाहासाठी पगारातून कापायचा आदेश लष्कराचं स्वतःचं प्रशासन देऊ शकतं. सैन्याला बाहेरच्याचा हात आपल्या पगारपत्रकावर नको, पण घर उपाशी राहिलं तर त्याची दखल तेच घेतात. ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. पेशवाईत लढाईत पडलेल्या शिपायाच्या कुटुंबाला 'बालपरवेशी' म्हणून नेमणूक मिळायची, शब्दातच बघा, बाळांची परवरिश. फरक एवढाच की ती माणूस गेल्यावरची, ही माणूस असतानाची.

आणि माणूस असताना तो आईवडिलांना बघत नसेल तर? हे प्रकरण आपल्याकडे अगदी अलीकडचं. २०२० च्या शेवटी लातूर जिल्हा परिषदेने ठराव केला, की जे कर्मचारी म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळत नाहीत त्यांच्या पगारातून तीस टक्के कापून ते पैसे आईवडिलांच्या खात्यात टाकायचे. २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत बारा कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रारी आल्याच्या बातम्या होत्या, त्यात शिक्षक होते. काहींच्या पगारातून कपात सुरूही झाली, एकाच्या तर महिना सुमारे १५,००० रुपये. काही जणांनी नोटीस मिळताच घरच्यांशी जुळवून घेतलं. आसामने हेच आधी कायदा करून केलं होतं, २०१७ चा 'प्रणाम' कायदा. तिथे दहा टक्के, दिव्यांग भावंड असेल तर पंधरा.

माझं मत सांगू? लातूरची बातमी वाचून पहिल्यांदा टाळी वाजवावीशी वाटली. मग इंजिनिअर जागा झाला. केंद्राचा २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यात प्रांताधिकाऱ्यापुढे न्यायाधिकरण आहे, दोन्ही बाजू ऐकतात, मग महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह ठरवतात. तिथे आदेश आहे, अपील आहे. ठरावाने थेट पगार कापताना खरंखोटं कोणी ठरवायचं? ज्या कार्यालयात मुलाचं आणि साहेबाचं पटत नाही तिथे काय? पण दुसऱ्या बाजूला ती म्हातारी आई उभी आहे जिला प्रांत ऑफिसची पायरी चढवत नाही, आणि मला काकूंच्या तारखा आठवतात. यावर माझं मन अजून एका बाजूला झुकलेलं नाही.

आता ती पेटी पुन्हा उघडतो, कारण गोष्ट राहिलीय.

२००८ मध्ये बाबांचे ते सहकारी वारले. परगावी. गैरहजेरीची चौकशी चालूच होती, म्हणजे नोकरी कागदोपत्री शाबूत होती. त्यामुळे काकूंना त्यांचा भविष्य निर्वाह निधी मिळाला, गट विमा मिळाला, पुढे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. बाबांची जामिनाची कपात तेव्हा निम्म्याहून जास्त झाली होती, पण संपली नव्हती. आई म्हणाली, आता तरी त्या पैशातून कर्ज फिटेल. बाबा संस्थेत गेले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, "त्या फंडाला आम्हाला हात लावता येत नाही." आईला ते पटलं नाही. पंधराएक वर्षं आमच्या घरात हे एक कुसळ राहिलं: 'तिला लाखाने मिळाले आणि आमचं मात्र कापत राहिले.' दोन घरांचं जाणंयेणं कमी झालं. तो मुलगा जेवायला यायचा थांबला.

संस्थेतले साहेब बरोबर होते. हेच कलम ६०, त्याच यादीत खाली: भविष्य निर्वाह निधीवर जप्ती आणता येत नाही. आणि १९२५ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने तो निधी माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोमुलांकडे जाताना त्याच्या कर्जांपासून मोकळा जातो. निवृत्तिवेतनाचं तसंच. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी ठरवलं होतं, की नोकराच्या पगारावर सावकाराचा हात पडू दे, पण म्हातारपणासाठी आणि मागे राहणाऱ्यांसाठी बाजूला पडलेल्या पैशावर नाही. काकूंना त्यांच्या आयुष्यात नवऱ्याच्या नोकरीतून वेळेवर आणि पूर्ण मिळालेली ही पहिलीच रक्कम होती.

मी हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती निवडायला मेथी घेऊन बसली होती. तिने पूर्ण ऐकलं, कलम नंबरासकट. मग म्हणाली, "हे तेव्हाच कोणी नीट सांगितलं असतं तर." थोड्या वेळाने विचारलं, त्या अजून हिरावाडीतच राहतात का रे?

बाबांना विचारलं तर ते म्हणाले, त्यांना तेव्हाच माहीत होतं. मग घरी का सांगितलं नाही? तर म्हणे, "सांगून कपात थांबणार होती का?" पेटीत सगळ्यात खाली संस्थेचा येणेबाकी नसल्याचा दाखला आहे, २००९ चा. त्याला लॅमिनेशन केलंय. माझ्या डिग्रीलाही अजून केलेलं नाही.

तर मंडळी, हा भाग इथेच. तुमच्या घरात जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या असतील तर कपातींच्या रकान्यात कुठले शब्द आहेत ते मला लिहून पाठवा. नावं, नंबर, रकमा नकोत, फक्त शब्द. मला 'सोसायटी (जामीन)' सारखे अजून हवेत. पुढच्या भागात व्यवसाय कराचे २०० रुपये: १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमीसाठी तो कसा आणला, आणि फेब्रुवारीत ३०० का कापतात. भेटू.